उदगीरहून बिदरला फोन

उदगीरहून लातूर आणि बिदर जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. विकाराबादच्या दिशेने निघालेली गाडी उदगीर सोडते आणि कमलनगर आलं की कर्नाटक लागतं; पुढे भालकी, मग बिदर. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी ही हद्द नव्हतीच. उदगीर हा हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचा तालुका होता. राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदरपासून तुटले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, तेव्हा ते लातूरकडे आले. जिल्हा बदलला तरी सोयरीक बदलत नाही. उदगीरच्या लेकी भालकी-बिदरला दिलेल्या, तिकडच्या इकडे नांदायला आलेल्या. आडतीवर माल हद्दीपलीकडून येतो, देवणी जनावरांना गिऱ्हाईक दोन्हीकडचं असतं, आणि मोठ्या दवाखान्यासाठी आजही अनेकांचे पाय हैदराबादकडे वळतात.

१९५६ ची ही हद्द पुढे टेलिफोनच्या आकड्यांत उतरली. उदगीरचा एसटीडी कोड ०२३८५, लातूरचा ०२३८२. दोन्हींची सुरुवात मुंबईसारखी शून्य-दोनने. बिदरचा कोड ०८४८२, निजामाबादचा ०८४६२. ते दक्षिणेच्या शून्य-आठच्या पट्ट्यात. मोबाइल आला तेव्हा सरकारने देशाची वाटणी दूरसंचार परिमंडळांत केली. लोकांच्या तोंडी त्याला ‘सर्कल’ म्हणतात. ही सर्कलं बहुतेक राज्यांच्या सीमेवरूनच आखली गेली. उदगीर महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या काठावर आलं आणि बिदर कर्नाटक सर्कलमध्ये गेलं. बिदरच्या लेकीशी पाच मिनिटं बोलायला किती पैसे पडणार, हे इथून पुढे या रेषेवर ठरू लागलं. दिल्लीतलं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, उदगीरच्या माणसाच्या आयुष्यात शिरलं ते याच ठिकाणी. या रेषेचा भाव कोण ठरवणार, हाच त्याच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ट्रायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: सरकार. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्र आणि पुढे टेलिफोन यांचा एकाधिकार सरकारकडे दिला होता. निजामाच्या राज्यात टपाल वेगळं, तिकिटं वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झालं, १९५० मध्ये ते टपालही केंद्राच्या खात्यात मिसळलं. तेव्हापासून फोन द्यायचा की नाही हे ठरवणारं, त्याचा दर लावणारं, बिल फाडणारं आणि बिलाची तक्रार ऐकणारं खातं एकच होतं. जोडणीसाठी प्रतीक्षायादी असे. नंबर लवकर लागावा म्हणून खासदारांच्या शिफारशीचा कोटा असे. ट्रंक कॉल बुक करून माणूस तासन्‌तास थांबे. घाई असेल तर जास्त पैसे भरून ‘अर्जंट’ नाहीतर ‘लाइटनिंग’ कॉल लावे.

१९८० च्या दशकात परिस्थिती हलली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने ग्रामीण भागातली धूळ आणि उकाडा सोसेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. मग आले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ. बूथवाल्याच्या टेबलावर सेकंद मोजणारं यंत्र असे, बोलणं संपलं की त्यातून छापील चिठ्ठी निघे. दर अंतराच्या टप्प्यांवर ठरे: गाव जितकं लांब तितका पल्स, म्हणजे एका युनिटला मिळणारा वेळ, छोटा. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळी अर्धा, रात्री उशिरा पाव. म्हणून बूथवर गर्दी रात्री होई. घरापासून दूर शिकणारी पोरं आणि हैदराबादला मजुरीला गेलेल्या माणसाची वाट पाहणारं त्याचं घर, दोघंही पाव दराची वेळ होईपर्यंत जागे राहत.

या दरांमागे एक हिशेब होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. घरच्या फोनचं भाडं आणि स्थानिक कॉल खर्चापेक्षा स्वस्त ठेवायचे आणि ती तूट एसटीडीवर भरून काढायची. मोठ्या शहरात ज्याचे सगळे लागेबांधे शहरातच, त्याला हे सोयीचं होतं. उदगीरसारख्या गावात उलट होतं. इथल्या माणसाचे व्यापारी, शाळा-कॉलेजं, कचेऱ्या, नातेवाईक लातूर, नांदेड, बिदर, हैदराबाद असे विखुरलेले. त्याचा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा कॉल एसटीडी. शहराच्या स्वस्ताईचा भार अशा गावांवर पडत होता, आणि त्याबद्दल दाद मागायला जागाच नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत जागे होते. खिडक्या हादरल्यावर त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला आणि भूकंपाचा केंद्रबिंदू किल्लारीजवळ असल्याचं तिथून कळलं, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. फोन चालू असणं किंवा नसणं म्हणजे काय, हे लातूर-उस्मानाबादच्या माणसांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, राष्ट्रीय दूरसंचार धोरण आलं. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन आणि प्रत्येक गावात फोन, असं त्यात लिहिलं होतं. एवढा पैसा सरकारकडे नाही, म्हणून खासगी कंपन्यांना परवाने द्यायचे, हेही त्यात होतं.

परवाने द्यायला घेतले, पण नियामक नेमला नाही. घोडचूक इथे झाली. १९९५ च्या निविदांवरून इतका गदारोळ उठला की त्या डिसेंबरात संसदेचं कामकाज अडून बसलं. विरोधक दूरसंचारमंत्री सुखराम यांचा राजीनामा मागत होते. लोकसभेच्या अध्यक्षपदी होते शिवराज पाटील चाकूरकर, म्हणजे उदगीर ज्या लातूर मतदारसंघात येतं तिथले खासदार. ज्या प्रश्नामुळे त्यांच्यासमोरचं सभागृह ठप्प झालं, तो त्यांच्याच मतदारांच्या एसटीडी बिलाशी जोडलेला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुखराम यांच्या घरांवर सीबीआयचे छापे पडले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड सापडली.

दरम्यान दिल्ली सायन्स फोरम ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नियामक नसताना परवाने वाटणं चूक आहे, असं तिचं म्हणणं होतं. १९ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण स्वतंत्र प्राधिकरण ही गरज आहे, हे स्पष्ट सांगितलं. आधी तार कायद्यातच दुरुस्ती करायचा प्रयत्न झाला, मग अध्यादेश निघाले. अखेर २० फेब्रुवारी १९९७ रोजी ट्राय अस्तित्वात आलं आणि २८ मार्चला कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती एस. एस. सोधी. मोबाइल सेवा मात्र ३१ जुलै १९९५ लाच सुरू झाली होती. खेळ सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यावर पंच मैदानात उतरला होता.

पहिल्याच वर्षी या पंचाची गाठ सरकारशी पडली. लँडलाइनवरून मोबाइलवर केलेल्या कॉलचा दर दूरसंचार विभागाने परस्पर वाढवला होता. ट्रायने एप्रिल १९९७ मध्ये तो आदेश रद्द केला. दर ठरवायचा अधिकार आता खात्याचा राहिलेला नाही, हे देशात प्रथमच कुणीतरी खात्याला सांगितलं. खातं न्यायालयात गेलं. परवान्यांच्या बाबतीत ट्रायचे हात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बांधले. तरी ९ मार्च १९९९ चा दर-आदेश काढून ट्रायने तो जुना हिशेब मोडायला सुरुवात केली: एसटीडी स्वस्त, भाडं थोडं महाग, आणि कमी बोलणाऱ्या व ग्रामीण ग्राहकांना सवलत. भाडेवाढीवर देशभर टीका झाली. उदगीरच्या बाजूने पाहिलं तर हा आदेश न्यायाचा होता. भार पहिल्यांदाच योग्य खांद्यांकडे सरकत होता.

ट्रायच्या या पहिल्या मंडळाला आयुष्य फार लाभलं नाही. मोबाइलवर येणारा कॉल फुकट करून सगळे पैसे कॉल करणाऱ्याकडून घ्यायचे, ही त्याची योजना जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कोसळली. त्याच महिन्यात, २४ तारखेला, सरकारने अध्यादेश काढून ट्रायची रचनाच बदलली. तंटे सोडवण्याचं काम काढून ‘टीडीसॅट’ या नव्या न्यायाधिकरणाकडे दिलं आणि जुन्या मंडळाला मुदतीआधी घरी पाठवलं. स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष एम. एस. वर्मा नवे अध्यक्ष झाले. सरकारला नकार देणाऱ्या संस्थेला मिळालेली ही वागणूक विसरू नये. पण या फाळणीतून एक चांगली गोष्टही झाली. दर आणि नियम एकीकडे, न्यायनिवाडा दुसरीकडे, ही विभागणी टिकली.

त्यानंतरच्या तीन वर्षांत जितकं बदललं तितकं त्याआधीच्या पन्नास वर्षांत बदललं नव्हतं. सप्टेंबर २००१ ते जानेवारी २००३ दळणवळण खातं प्रमोद महाजनांकडे होतं. त्यांचं अंबाजोगाई उदगीरपासून फार दूर नाही. याच काळात लांब पल्ल्याच्या सेवेत खासगी कंपन्या उतरल्या आणि २००२ च्या जानेवारीत लांबच्या एसटीडीचे दर निम्म्याहून खाली आले. राज्यातल्या जवळच्या गावांना शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलता येऊ लागलं. उदगीरहून लातूरला फिरवलेला ‘९५-२३८२’ कित्येकांना अजून पाठ असेल. लँडलाइनच्या कंपन्यांना मर्यादित मोबाइल सेवा देऊ द्यायची की नाही, यावरून मोठी लढाई झाली आणि तीत ट्रायच्या शिफारशींवरही कडक टीका झाली. १ एप्रिल २००२ पासून, ट्रायच्याच शिफारशीनंतर, सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. कंपन्यांच्या कमाईतला ठरावीक हिस्सा त्यात जमा करून, जिथे नफा नाही त्या खेड्यांत फोन न्यायचा, ही त्यामागची कल्पना. बालाघाटच्या वाड्या-तांड्यांत खासगी कंपनी आपणहून आली नसती.

सगळ्यात मोठा बदल १ मे २००३ ला झाला. मोबाइल सुरू झाला तेव्हा मिनिटाला ८ रुपये ४० पैसे आणि गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट दर होता, आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागत. २००३ च्या नव्या व्यवस्थेत एका कंपनीने दुसरीला किती द्यायचे हे ट्रायने ठरवून दिलं आणि येणारा कॉल फुकट झाला. यानंतर फोन खिशात बाळगायला फार पैसे लागेनासे झाले. हमाल, दूधवाला, शेतमजूर, रिक्षावाला यांना तो इथून पुढे परवडला. कंपन्यांमधली ही देणी पुढे सतत उतरत गेली: ३० पैसे, २००९ ला २०, २०१५ ला १४, २०१७ ला ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. लोकांना बिलात हे आकडे कधीच दिसले नाहीत, पण फोन स्वस्त होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

तरीही उदगीरची हद्द शिल्लक होती. फुकट येणारा कॉल आपल्या सर्कलपुरताच. गाडी कमलनगरला पोचली की मोबाइलवर दुसऱ्या नेटवर्कचं नाव उमटे आणि रोमिंग लागे. बिदरच्या लग्नात वाजणारा फोन लोक उचलत नसत. मिस्ड कॉल पाहून बूथवरून परत लावत. सीमेलगतच्या गावांत तर घरात बसल्या जागी पलीकडचा टॉवर पकडला जाई आणि शिल्लक कापली जाई. एका जिल्ह्यातून तुटून दोन राज्यांत गेलेल्या माणसांना या सीमेची किंमत पुन्हा एकदा मोजावी लागत होती, यावेळी मिनिटांनी.

ट्रायने ती किंमत टप्प्याटप्प्याने उतरवली. २००७ मध्ये रोमिंगचं मासिक भाडं काढलं आणि कमाल दर बांधले: येणारा कॉल १ रुपया ७५ पैसे, स्थानिक १ रुपया ४०, एसटीडी २ रुपये ४०. १ जुलै २०१३ पासून येणारा कॉल ७५ पैशांवर आला, १ मे २०१५ पासून ४५ पैशांवर. पुढच्या दोन वर्षांत जिओच्या स्पर्धेने उरलेलं रोमिंगही संपवलं. उदगीर-बिदर संवादातली हद्द मिटली ती आधी नियमाने आणि मग स्पर्धेने. दोन्हींपैकी एकानेच हे झालं असतं, असं वाटत नाही. स्पर्धा नसती तर ४५ पैसे राहिलेच असते. नियम नसता तर त्याआधीच्या वर्षांत पावणेदोन रुपयेच नव्हे, त्याहून जास्त लागले असते.

नंबराचंही तसंच. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय २० जानेवारी २०११ ला देशभर आली, पण सर्कलच्या आतच. उदगीरचा मुलगा पुण्याला गेला तर नंबर टिकवू शकत होता, हैदराबादला किंवा बिदरला गेला तर नाही. ३ जुलै २०१५ पासून ती अटही गेली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. पाटीवर आणि पावतीपुस्तकावर छापलेला नंबर हीच त्याची ओळख असते.

ट्रायचा प्रत्येक निर्णय टिकला असं नाही. कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम त्याने १ जानेवारी २०१६ पासून लावला. लोकांना तो मनापासून आवडला. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दोष कंपनीचा की अन्य कुणाचा हे न पाहता दंड लावणं मनमानीचं आहे आणि नियम करताना पुरेशी पारदर्शकता पाळली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र ट्रायने घेतलेला एक निर्णय जगभर वाखाणला गेला: कोणती वेबसाइट पाहता यावरून इंटरनेटचा वेगळा दर लावायला बंदी. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ची त्यामुळे भारतातून पाठवणी झाली. गरिबाला चार वेबसाइटी फुकट देऊन बाकीचं इंटरनेट त्याच्यापासून लांब ठेवणं ही मदत नव्हे, हे ओळखायला धैर्य लागलं.

उदगीरच्या ग्राहकाच्या दृष्टीने जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या एकट्याच्या तक्रारीचा निवाडा ट्राय करत नाही. तक्रार आधी कंपनीच्या केंद्रात, मग कंपनीच्याच अपिली प्राधिकाऱ्याकडे जाते. टीडीसॅट दिल्लीत आहे आणि ते एकेका ग्राहकाच्या भांडणासाठी नाही. त्यात २००९ च्या एका निकालाने ग्राहक मंचांचं दारही बंद झालं होतं. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडलं, आणि आता चुकीच्या बिलासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ते माहीत करून देण्यासाठी कोणत्याही कंपनीचा मेसेज येत नाही.

दुसरी खंत भाषेची. कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी ट्राय सल्लामसलतीचा मसुदा काढतं, लेखी मतं मागवतं, खुली चर्चा ठेवतं. कायद्याने त्याच्यावर पारदर्शकतेचं बंधन आहे. भारतातल्या फार थोड्या संस्था इतक्या उघडपणे काम करतात, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण हे मसुदे शेकडो पानांचे, इंग्रजीत, फार तर हिंदीत असतात. कंपन्यांचे वकील ओळन्‌ओळ उत्तर देतात. मराठवाड्यातला आडत्या, शिक्षिका, अंगणवाडी सेविका यांच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये ज्या उदगीरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, तिथल्या माणसाने आपलं मत मराठीत लिहून पाठवावं आणि त्याची नोंद व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दरांच्या बाबतीतही ट्राय आता बरंच मागे उभं असतं. बहुतेक मोबाइल दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना कधीच दिली गेली आहे. बाजारात डझनभर कंपन्या होत्या तोवर ते ठीक होतं. आज मोठ्या खासगी कंपन्या तीन आणि सोबत बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, आणि नियामकाची आधी परवानगी घ्यायची त्यांना गरज नव्हती. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याने ट्रायचं अध्यक्षपद खासगी क्षेत्रातल्या अनुभवी माणसालाही खुलं केलं. तीनच कंपन्या उरलेल्या बाजारात ही तरतूद जपून वापरायला हवी.

मागे उभं राहणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे २३ डिसेंबर २०२४ च्या नियमातून दिसलं. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांकडे बटणाचा फोन आहे. मुलाशी बोलण्यापुरतं रिचार्ज हवं असताना त्यांना रोजच्या दीड जीबी इंटरनेटचे पैसे भरावे लागत होते. केवळ बोलणं आणि एसएमएस यांचं वेगळं व्हाउचर प्रत्येक कंपनीने दिलंच पाहिजे आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असं ट्रायने ठरवून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ती व्हाउचरं आणली, तेव्हा दर फारसे उतरलेच नव्हते. आपण हे दर तपासू, असं ट्रायने जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत काही कंपन्यांनी ते कमी केले. तरीही ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास रुपये लागतात. ज्या घरी महिन्याकाठी निराधार योजनेचे पैसे येतात, तिथे ही रक्कम अजूनही जड आहे, आणि पुढच्या सल्लामसलतीत ट्रायसमोर मांडायचा पहिला मुद्दा तोच असायला हवा.